कारंजा दोन आहेत: बीए-बीकॉमवाल्यांनी डेटा ॲनालिटिक्समध्ये कसं शिरावं

विदर्भात कारंजा नावाची तालुक्याची ठिकाणं दोन आहेत. एक वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड, दुसरं वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. बाजारभावाच्या फाइलमध्ये नुसतं 'कारंजा' लिहिलेलं असेल आणि तुम्ही फक्त नावावरून जिल्हा जोडला, तर वाशिमचं सोयाबीन वर्ध्याच्या खात्यावर जमा होतं. सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही, आलेखही छान दिसतो. ही चूक चांगल्या शिकलेल्या ॲनालिस्टच्याही नजरेतून सुटते, कारण त्याच्या लेखी कारंजा एकच असतं. कारंज्याच्या यार्डात माल नेलेल्या कास्तकाराच्या पोराला मात्र आकडा बघताच खटकतं की वर्ध्यात एका दिवसात एवढं सोयाबीन कुठून आलं?

बीए, बीकॉम, डीएड, बीएस्सी ॲग्री करून गावात किंवा तालुक्याला असलेल्या, पतसंस्थेत, दवाखान्यात, जिनिंगमध्ये, शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्या पुष्कळ जणांना डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे आकडे तपासून त्यांतून उत्तरं काढायचं काम, इंजिनिअरांचं वाटतं. माझं मत वेगळं आहे. एक्सेल, एसक्यूएल (तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा), पॉवर बीआय (आलेख-अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर) ही हत्यारं नेटाने बसलं तर आठ-नऊ महिन्यांत कामापुरती हाताशी येतात. समोरचा आकडा खोटा वाटणं ही गोष्ट मात्र कोणत्या क्लासात मिळत नाही. ती विषयाच्या ओळखीतून येते, आणि ती ओळख तुमच्याजवळ आधीच आहे. म्हणून सराव परदेशी सुपरस्टोअरच्या विक्रीवर किंवा टायटॅनिकच्या प्रवाशांच्या तयार सराव-फाइलींवर करू नका. ज्या आकड्यातली चूक तुम्हाला नुसती बघून कळेल, असा डेटा घ्या. या लेखात उदाहरण सोयाबीनचं आहे. तुम्ही आरोग्य केंद्रात किंवा शाळेत असाल तर लसीकरण किंवा पटसंख्या घ्या, पद्धत तीच राहते.

आधी लॅपटॉप

मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतात, काम शिकता येत नाही. नागपूर, अमरावती, अकोला इथे कंपन्यांमधून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मिळतात, त्यातला एक पुरे. ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर एवढं बघून घ्या. पिढीचा आग्रह अशासाठी की त्याआधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार स्वस्तात देतो ते लॅपटॉप बरेचदा सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. मॅक घेऊ नका, कारण पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं. लाइट जाते त्या गावात बॅटरी किती टिकते हे महत्त्वाचं आहे. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. मोठी सॉफ्टवेअरं तालुक्याला चांगलं वायफाय मिळेल तिथे एकदाच उतरवून घ्यावी. एक्सेल, पॉवर बीआय डेस्कटॉप, डीबी ब्राउझर (एसक्यूएल चालवायचं साधन) ही तिन्ही नंतर इंटरनेटशिवाय चालतात.

क्रम आणि वेळ

एक्सेल, मग एसक्यूएल, मग पॉवर बीआय. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पहिल्या नोकरीनंतर. उलट्या क्रमाने जाणारे पायथनच्या तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. कारण टेबल म्हणजे काय, किल्ली (ज्यावरून ओळ ओळखायची आणि तक्ते जोडायचे तो कॉलम) म्हणजे काय, एका ओळीचा अर्थ काय, हे एक्सेल-एसक्यूएलमध्ये डोळ्यांना दिसतं आणि पायथनमध्ये लपून राहतं.

रोज दोन तास धरले तर एक्सेलला सहा आठवडे, एसक्यूएलला आठ ते दहा, पॉवर बीआयला सहा आणि उरलेला वेळ एका पूर्ण प्रकल्पाला. घरी वावर असेल तर जून-जुलैच्या पेरणीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सोंगणी-वेचणीत अभ्यास मोडणारच. तो मोडेल हे धरूनच आखणी करा. नवा विषय जानेवारी ते मे या सलग काळात घ्या आणि हंगामात फक्त जुन्याचा सराव ठेवा.

एमएस-सीआयटी झालेलं असलं तरी एक्सेल पुन्हा पहिल्यापासून करा. तिथे स्वच्छ तक्ता मिळतो, नोकरीत तसा कधीच मिळत नाही. शिकायच्या गोष्टी थोड्या आहेत: पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता), सम-इफ्स आणि काउंट-इफ्स, इंडेक्स-मॅच (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद आणणं), ट्रिम आणि सबस्टिट्यूट, तारखेची फंक्शनं, पॉवर क्वेरी (फाइली आत घेऊन स्वच्छ करायचं साधन). जुळणीसाठी एक्स-लुकअप सोपं आहे, पण ते एक्सेल २०२१, त्यानंतरच्या आवृत्त्या आणि ३६५ मध्येच मिळतं. लहान कार्यालयांत अजून २०१६ चालू असतं, म्हणून इंडेक्स-मॅच पक्कं हवं. व्ही-लुकअप वापरत असाल तर शेवटच्या जागी फॉल्स लिहायला विसरू नका. ती जागा सोडली तर एक्सेल अंदाजे जुळणी करतं आणि चुकीचं उत्तर अगदी खऱ्यासारखं दाखवतं.

एकच प्रश्न, शेवटपर्यंत

प्रश्न असा घेऊ: तुमच्या जिल्ह्यात एका हंगामात आलेल्या सोयाबीनपैकी किती भाग हमीभावाच्या खाली विकला गेला? वाक्य साधं आहे. पण याचं नीट उत्तर काढता आलं, तर मुलाखतीत विचारतात त्यातलं बहुतेक सगळं येतं.

डेटा दोन ठिकाणी सहज मिळतो. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर. पणन मंडळाच्या तक्त्यात परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे कॉलम असतात. पहिला खड्डा इथेच आहे. दर दोन्हीकडे क्विंटलचा आहे, पण आवक पणन मंडळाकडे क्विंटलमध्ये तर ॲगमार्कनेटच्या अहवालांत टनात मिळते. दोन फाइली एकाखाली एक चिकटवल्या तर काही दिवसांची आवक दहापट कमी दिसेल, आणि कुणीतरी त्यावरून दुष्काळाचा निष्कर्षही काढेल. डेटा गोळा करण्याच्या पहिल्याच दिवशी एका वहीत प्रत्येक कॉलमचं एकक लिहून ठेवा. सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरच्या रोजच्या भावाच्या फाइलमध्ये 'अरायव्हल डेट' नावाचा कॉलम आहे, तो नुसती तारीख आहे. त्यात आवक नाही, म्हणून या प्रश्नाला ती फाइल पुरत नाही.

फाइल उघडली की तारखा बघा. ०५/०६/२०२४ ही पाच जून. लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल तर एक्सेल तिला सहा मे करतं. १३/०६/२०२४ मात्र तेरावा महिना नसल्याने नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या महिन्यात जातात आणि त्यापुढच्या नोंदी तारखा म्हणून राहतच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: काही तारखा उजव्या बाजूला आणि काही डाव्या बाजूला चिकटलेल्या दिसतात. उपाय म्हणजे विंडोजमध्ये प्रदेश 'इंग्लिश इंडिया' करणं आणि फाइल डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' ने घेणं. त्याच खिडकीत फाइल ओरिजिन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडलं की मराठी नावांची अगम्य चिन्हंही होत नाहीत.

मग नावं. अमरावती जिल्ह्यातच चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजारही आहे. नांदगाव खंडेश्वर आपल्याकडचं, नुसतं नांदगाव नाशिक जिल्ह्यातलं. मिळतीजुळती नावं आपोआप जोडणारं फजी मॅचिंग इथे हमखास फसतं. यवतमाळ, बुलडाणा, गोंदिया यांची इंग्रजी स्पेलिंगं जुन्या-नव्या फाइलींत दोन-दोन प्रकारची सापडतात. बाजार समितीचं फाइलमधलं नाव, प्रमाण नाव, तालुका, जिल्हा असा चार कॉलमांचा एक लहान तक्ता हाताने बनवा. सगळ्या विदर्भासाठी तो एका संध्याकाळचं काम आहे, आणि पुढची सगळी जोडणी त्यावरून करा. गावपातळीवर काम असेल तर नावावर अजिबात विसंबू नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला, तालुक्याला, जिल्ह्याला कोड आहे, तो वापरा.

मराठीतून नावं असतील तर आणखी एक बारीक अडचण येते, जी इंग्रजी शिकवण्यांत सापडणार नाही. कुऱ्हा हे नाव दिसायला एकच, पण युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) ते दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात खास ऱ हे अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा अंश. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, इंडेक्स-मॅच मात्र जुळणी नाही म्हणून सांगतं. लेन फंक्शन लावून बघा: एकाची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. अशा नावांना एकाच तऱ्हेत बदलून घ्यावं लागतं. संकेतस्थळावरून कॉपी केलेल्या नावांच्या शेवटी न तुटणारी मोकळी जागा येते, ती ट्रिमने जात नाही. त्यासाठी सबस्टिट्यूटमध्ये कॅरॅक्टर १६० देऊन ती साध्या जागेने बदला आणि मग ट्रिम करा. जुन्या कार्यालयीन फाइली कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टात असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय एकही सूत्र चालणार नाही.

सरकारी तक्त्यांत अधूनमधून 'एकूण' च्या ओळी असतात. त्या काढल्या नाहीत तर बेरीज दुप्पट होते. 'अमरावती' असं लिहिलेल्या ओळीचा अर्थ बाजार समिती, तालुका, जिल्हा किंवा पाच जिल्ह्यांचा विभाग यांपैकी काहीही असू शकतो. ज्या दिवशी यार्ड बंद होतं त्या दिवसाची नोंद रिकामी असायला हवी. तिथे शून्य भरलेलं असेल तर सरासरी भाव खाली ओढला जातो. एक नियम प्रत्येक ओळीला लावा: कमीत कमी दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त नको, आणि सर्वसाधारण दर जास्तीत जास्त दरापेक्षा जास्त नको. ४,८५० च्या जागी ४८,५०० किंवा ४८५ पडलेल्या ओळी याच चाळणीत सापडतात. सापडलेल्या ओळी गुपचूप दुरुस्त करू नका. वेगळ्या शीटवर ठेवा आणि पुढे एका वाक्यात कारण लिहा.

हंगामाची व्याख्या हा या प्रश्नाचा गाभा आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या पणन हंगामासाठी ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८. हंगाम ऑक्टोबरपासून सप्टेंबरपर्यंत धरला तर जानेवारी २०२५ चा भाव ४,८९२ शी ताडायला हवा. पण पिव्होट टेबलमध्ये तारीख टाकली की एक्सेल कॅलेंडर वर्षाप्रमाणे गट पाडतं, आणि शिकाऊ माणूस २०२५ चा सगळा माल ५,३२८ शी ताडतो. मग जानेवारीत ५,००० ने विकलेलंही 'हमीभावाखाली' मोजलं जातं. म्हणून एक स्वतंत्र कॉलम करा. महिना १० किंवा त्याहून मोठा असेल तर तेच वर्ष, नाहीतर वर्ष वजा एक. हमीभाव वेगळ्या लहान तक्त्यात ठेवा आणि या कॉलमवरून जोडा.

आता सरासरी. समजा एका दिवशी लहान यार्डात १० क्विंटल माल ६,८०० ने गेला आणि मोठ्या यार्डात ९९० क्विंटल ७,२०० ने. दोन्हींची साधी सरासरी ७,००० येते. मालाच्या वजनाने काढली तर ७,१९६. एका क्विंटलमागे १९६ रुपयांचा फरक फक्त सूत्र निवडण्यामुळे पडला. भावाची सरासरी काढताना प्रत्येक दर त्याच्या आवकेने गुणा, बेरीज करा आणि एकूण आवकेने भागा. याच कारणाने 'किती दिवस भाव हमीभावाखाली होता' आणि 'किती क्विंटल माल हमीभावाखाली गेला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थोड्या दिवसांत हंगामाचा मोठा माल येतो. दिवस मोजले तर कास्तकाराचं नुकसान लहान दिसतं, क्विंटल मोजले तर खरं दिसतं.

सर्वसाधारण दरावरून काढलेलं उत्तर अंदाजच आहे, हे अहवालात लिहा. त्या दिवशी आलेला सगळा माल त्या दराने गेलेला नसतो. शिवाय हमीभाव ठरावीक प्रतीच्या मालासाठी असतो. सोयाबीनला एरवी १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याची अट असते, २०२४-२५ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. सोंगणीच्या वेळी पाऊस झाला तर ओला माल कमी भावाने जातो, आणि आकड्यांत ते व्यापाऱ्याने भाव पाडल्यासारखंच दिसतं. कापसावर हाच प्रयोग करणार असाल तर आणखी सावध राहा. खेडा खरेदीत गावातूनच उचललेला कापूस बाजार समितीच्या आवकेत दिसेलच असं नाही. ही वाक्यं लिहू शकणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला लगेच वेगळा कळतो.

एसक्यूएलमध्ये तेच पुन्हा

डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट मोफत आहे, सर्व्हर बसवावा लागत नाही. तीन तक्ते आत घ्या: रोजची आवक-भाव, बाजार समित्यांचा तक्ता, हमीभावाचा तक्ता. तारीख २०२४-१०-०५ अशा वर्ष-महिना-दिवस रूपात बदलूनच घ्या. एसक्यूलाइट तारीख साधी अक्षरं म्हणून ठेवतं, त्यामुळे दिवस पुढे असेल तर क्रमवारी सगळी उलटीपालटी होते.

एक्सेलमधलं प्रत्येक उत्तर इथे पुन्हा काढा आणि ताडून बघा. जुळलं नाही तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. शिकणं त्या शोधातच होतं. नेहमी अडणाऱ्या जागा सांगतो. टक्केवारी शून्य येते, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार एसक्यूलाइट पूर्णांकातच देतं. वरच्या संख्येला १००.० ने गुणा. भावाच्या कॉलममधली रिकामी जागा नल (म्हणजे 'नोंदच नाही') म्हणून न येता रिकामी अक्षरं म्हणून आली, तर सरासरी काढताना ती शून्य धरली जाते. लेफ्ट जॉइन (डाव्या तक्त्याच्या सगळ्या ओळी ठेवून दोन तक्ते जोडणं) लिहून खाली व्हेअरमध्ये उजव्या तक्त्याच्या कॉलमवर अट घातली, तर न जुळलेल्या ओळी गळून जातात आणि लेफ्ट जॉइनचा उपयोगच राहत नाही. ती अट ऑनमध्ये हवी. नॉट इनच्या यादीत एकही नल असेल तर उत्तर रिकामं येतं, तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा.

सर्वात महाग चूक जॉइनने ओळी वाढण्याची. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर पाऊस महसूल मंडळानुसार मिळतो. बाजार समितीची आवक तालुक्याला एक, पण त्या तालुक्यात मंडळं सहा असतील, तर तालुक्याच्या नावाने जोडताच प्रत्येक दिवसाची आवक सहा वेळा येते आणि बेरीज सहापट होते. आधी पावसाची तालुकावार सरासरी काढा, मग जोडा. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर ओळींची संख्या आणि एकूण आवक वहीत लिहायची सवय लावून घ्या. हा ताळा आहे, पतसंस्थेत रोजकीर्द जुळवतात तसाच. बीकॉमवाल्यांना ही सवय आधीपासून असते, आणि या कामात ती फार मोलाची आहे.

ग्रुप बाय, हॅविंग, केस, जॉइन झाल्यावर विंडो फंक्शनं शिका. रो-नंबरने दुबार नोंदी शोधा, लॅगने मागच्या दिवसाच्या भावाशी फरक काढा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅट साधनाकडून क्वेरी (एसक्यूएलमधला प्रश्न) लिहून घेता येते, घ्यावीही. पण ते साधनही दोन्ही कारंजे बिनदिक्कत एक करतं, आणि तुमच्या वहीतला ताळा त्याला माहीत नसतो.

जिल्ह्यांच्या जुन्या मालिका घेणार असाल तर तारखा लक्षात ठेवा. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. १९९१ आणि २००१ च्या जनगणनेचे अकोल्याचे आकडे थेट शेजारी ठेवले तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसते. खरं तर जिल्हा लहान झाला.

पॉवर बीआय आणि दाखवायचं कसं

पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे. त्यातली पॉवर क्वेरी एक्सेलमधलीच, म्हणून तिथे केलेला सराव पुन्हा कामी येतो. एक फोल्डर दाखवून बारा महिन्यांच्या बारा फाइली एकत्र करणं आणि आडवे पसरलेले महिने अनपिव्होटने उभे करणं, या दोन गोष्टी आल्या तर कार्यालयातलं महिन्याचं बरंच हातकाम वाचतं. सगळा डेटा एकाच मोठ्या तक्त्यात कोंबू नका. मधे आवक-भावाचा तक्ता, बाजूला तारीख, बाजार समिती आणि हमीभाव असे तक्ते ठेवून नाती जोडा. वजनी सरासरीसाठी सम-एक्स आणि डिव्हाइड वापरून मेजर (पॉवर बीआयमधलं सूत्र) लिहा. भावाचा कॉलम ओढून 'ॲव्हरेज' निवडला तर वरची ७,००० वाली चूक एकूणाच्या ओळीत परत येते. नकाशा करायचा असेल तर गावाचं नाव देऊ नका, अक्षांश-रेखांश द्या. नुसत्या 'कारंजा' चा ठिपका कुठेही पडू शकतो.

प्रकाशित करताना बरेच जण अडतात. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेला कार्यालयाचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. तो नसेल तर पीडीएफ काढा, पाच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, मूळ फाइल गिटहब या फाइली ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा. लुकर स्टुडिओत गूगल खात्यावरून तोच अहवाल बनवून लिंक देता येते. पानं दोनच ठेवा. पहिल्यावर उत्तर एका वाक्यात आणि एक आलेख, दुसऱ्यावर समितीवार तपशील. सोबत एक पानाची टीप हवी: डेटा कुठून, किती ओळी मिळाल्या, किती वगळल्या, का वगळल्या, उत्तर कुठे कच्चं आहे.

लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, मोबाइल नंबर असलेली कोणतीही फाइल नमुना म्हणून वापरू नका. तुमच्या कार्यालयातली असेल तर मुळीच नको, आणि चॅट साधनातही चढवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याहीआधी तो गावातल्या माणसांचा विश्वास आहे. अशा फाइली हाताळाव्या लागल्याच तर हे लक्षात असू द्या: एक्सेल १५ अंकांनंतरचे अंक शून्य करतं. १६ अंकी खातेक्रमांक एकदा आकडा म्हणून उघडून जतन केला की शेवटचा अंक कायमचा गेला. असे कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या.

क्लास, प्रमाणपत्र, नोकरी

शिकायला पैसे फारसे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्ट लर्न आणि कॅगलचे छोटे अभ्यासक्रम मोफत आहेत. स्वयम् आणि एनपीटीईएलवर आकडेशास्त्राचे चांगले वर्ग आहेत. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम आहे. त्यात जेईईशिवाय पात्रता परीक्षेतून प्रवेश मिळतो, वयाची अट नाही, उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फीत सवलत आहे. मात्र त्यात गणित कसून आहे, 'कामापुरतं शिकून नोकरी' हा त्याचा हेतू नाही. मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० परीक्षा पॉवर बीआय हातात बसल्यावर द्यावी. १,००० पैकी ७०० ला उत्तीर्ण होतात, आणि प्रमाणपत्राचं दरवर्षी ऑनलाइन मोफत नूतनीकरण करावं लागतं.

'नोकरीची हमी' देऊन लाखभर फी सांगणाऱ्या क्लासपासून लांब राहा. पुष्कळदा फीचं कर्ज एखाद्या वित्त कंपनीकडून तुमच्या नावावर काढलेलं असतं. क्लास आवडला नाही, बंद पडला, नोकरी लागली नाही, तरी हप्ता चालूच राहतो. सही करण्याआधी कर्ज देणारा कोण आणि मध्येच सोडलं तर काय, ही दोन कलमं वाचा. नोकरीआधी प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत मागणारी जागा सरळ सोडून द्या.

पहिली नोकरी 'डेटा सायंटिस्ट' या नावाने शोधू नका. एमआयएस (कार्यालयातली माहिती आणि अहवाल) एक्झिक्युटिव्ह, रिपोर्टिंग ॲनालिस्ट, ऑपरेशन्स ॲनालिस्ट, संस्थांमध्ये मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन ही दारं उघडी असतात. सूक्ष्म वित्त, पीक विमा, बियाणं-खत कंपन्या, आरोग्य प्रकल्प, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना विदर्भाची माहिती असलेला आणि एसक्यूएल येणारा माणूस हवा असतो. आहे त्या नोकरीत सुरुवात करणं त्याहून सोपं. जिनिंगमध्ये असाल तर गाडीनिहाय वजन, ओलावा आणि रुईचा उतारा यांचा रोजचा अहवाल स्वतःहून बनवा. त्यात १७० किलोची गाठ आणि ३५६ किलोची खंडी एकत्र मोजू नका. तीन महिने अहवाल न चुकता निघाला की बायोडेटात लिहायला खरं काम झालं.

बायोडेटा एक पानाचा. 'डेटाची आवड' असं लिहिण्यापेक्षा 'इतक्या समित्यांच्या इतक्या नोंदी स्वच्छ केल्या, इतक्या दुबार सापडल्या, हमीभावाखालचा भाग क्विंटलमध्ये मोजला' असं लिहा, आणि आकडे तुमच्याच वहीतले असू द्या. मुलाखतीत जॉइनचे प्रकार, दुबार नोंदी काढणं, दुसऱ्या क्रमांकाची किंमत शोधणं हे विचारतात. शिवाय 'विक्री पडली, कारण कसं शोधाल' असा एक मोकळा प्रश्न येतो. त्याची सुरुवात 'आधी आकडा खरा आहे का ते बघेन' इथून करा: फाइल पूर्ण आली का, व्याख्या बदलली का, सुट्टी होती का. त्यानंतरच प्रदेश, माल, ग्राहक असे भाग पाडा. इंग्रजीची भीती असेल तर आपल्या प्रकल्पाबद्दल तीन मिनिटं बोलण्यापुरती तयारी करा, मोठ्याने, रोज. त्या तीन मिनिटांत मुलाखत घेणाऱ्याला गोडी वाटली की पुढचे प्रश्न त्याच प्रकल्पावर येतात, आणि त्यातलं तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नवा डॅशबोर्ड करायला घेऊ नका. चालू असलेला एक अहवाल मूळ डेटापासून स्वतः पुन्हा काढून बघा आणि आकडे जुळतात का ते ताडा. जुळले नाहीत तर ज्याने तो अहवाल बनवला त्याच्याजवळ जाऊन एक ओळ म्हणजे काय, कोणत्या नोंदी वगळतात, महिना कोणत्या तारखेला बंद होतो, हे विचारा. उत्तरं लिहून घ्या. आणि 'अमरावती' लिहिलंय ते शहर, जिल्हा की विभाग, हेही त्याच बैठकीत विचारून टाका.